चालण्याजोगे रस्ते आणि प्रादेशिक वाहतूक नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रादेशिक वाहतूक आराखडे, त्यांतील निधीवाटप आणि पायी चालणाऱ्यांपासून बसप्रवाशांपर्यंत सर्वांना सामावून घेणारे रस्ते यांविषयी वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र अधिक सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रादेशिक वाहतूक नियोजन म्हणजे नेमके काय? शहराचा विकास आराखडा असताना ते वेगळे कशाला हवे?

माणसे एका नगरपालिकेच्या हद्दीत राहतात, दुसरीच्या हद्दीत नोकरी करतात आणि तिसरीच्या हद्दीतून रोज ये-जा करतात. हद्द ओलांडताना त्यांना ती जाणवतही नाही. शहराचा विकास आराखडा मात्र हद्दीपाशी संपतो. हा सगळा पट्टा एकत्र पाहून पुढील वीस-पंचवीस वर्षांत कुठे रेल्वे, कुठे बस, कुठे रस्ता आणि कुठे वस्ती हे ठरवणे म्हणजे प्रादेशिक नियोजन. कोपनहेगनचा १९४७ चा ‘बोटांचा आराखडा’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे : शहराची वाढ लोहमार्गांच्या कडेने पाच बोटांसारखी व्हावी आणि बोटांमधली जागा हिरवी राहावी, अशी त्याची मांडणी होती. अमेरिकेत १९६२ च्या कायद्याने ५०,००० हून अधिक लोकसंख्येच्या नागरी प्रदेशांना केंद्रीय निधीसाठी असे सलग आणि परस्पर सहकार्याने केलेले नियोजन बंधनकारक केले.

व्यवहारात दोन कागद महत्त्वाचे असतात. एक दीर्घ पल्ल्याचा आराखडा, ज्यात दिशा ठरते. दुसरा तीन-चार वर्षांचा कामांचा कार्यक्रम, ज्यात पैसा ठरतो. पहिल्याची चर्चा जास्त होते, परंतु रस्त्यावर जे उतरते ते दुसऱ्यातून.

२. बहुपर्यायी रस्ता म्हणजे प्रत्येक रस्त्यावर पदपथ, सायकल मार्ग, बस मार्गिका असे सगळेच बसवायचे का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की अरुंद रस्त्यावर सगळे कोंबण्याच्या प्रयत्नात सगळेच निरुपयोगी झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पर्याय जाळ्यात हवेत. प्रत्येक गल्लीत नव्हेत. ज्या रस्त्यावरून दर काही मिनिटांनी बस जाते, तिथे बसला प्राधान्य द्यावे. समांतर शांत रस्त्यावर सायकलींना सलग वाट द्यावी. वस्तीच्या आतल्या रस्त्यावर वेगळा सायकल मार्ग लागत नाही. तिथे मोटारींची संख्या आणि वेग कमी असला की पुरते. अपवाद एकच : पायी चालण्याची सोय कोणत्याही रस्त्यावरून वगळता येत नाही, कारण बसने, रेल्वेने किंवा मोटारीने जाणारा प्रत्येक माणूस प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारीच असतो.

३. पदपथ ही स्थानिक बाब आहे. प्रादेशिक संस्थेने मोठ्या प्रकल्पांचा पैसा तिकडे का वळवावा?

हा प्रश्न बहुतेक वेळा अभियंते आणि लोकप्रतिनिधी विचारतात, आणि त्याचे उत्तर भूमितीत आहे. माणसे स्थानकापर्यंत साधारण दहा मिनिटे, म्हणजे सुमारे ८०० मीटर चालायला तयार असतात असे नियोजनात धरले जाते; बसथांब्यासाठी हे अंतर बहुधा ४०० मीटर धरतात. ८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस किलोमीटर भरते. नकाशावर हे वर्तुळ काढून त्यातील सर्व रहिवासी ‘स्थानकाच्या आवाक्यात’ आहेत असे अहवालात लिहिणे सोपे असते.

प्रत्यक्षात स्थानकासमोरून सहा मार्गिकांचा रस्ता जातो, तो ओलांडायची सोय अर्धा किलोमीटर पुढे आहे आणि मागच्या बाजूला सलग भिंत आहे, असे समजा. मग वर्तुळाचा जवळजवळ अर्धा भाग दहा मिनिटांच्या बाहेर जातो. लोहमार्गावर पूर्ण खर्च झालेला असतो, पण त्याचे प्रवासी निम्म्याच क्षेत्रातून येतात. तिथे एक सुरक्षित क्रॉसिंग आणि भिंतीत एक वाट काढण्याचा खर्च मुख्य प्रकल्पाच्या तुलनेत नगण्य असतो. तरीही तो होत नाही, कारण लोहमार्ग एका संस्थेच्या अंदाजपत्रकात, रस्ता दुसरीच्या आणि पदपथ तिसरीच्या अंदाजपत्रकात असतो. तिसरी संस्था सर्वांत गरीब असते.

म्हणून शेवटचे ४०० मीटर मुख्य प्रकल्पाच्याच खर्चात धरले पाहिजेत, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. ‘स्थानिक संस्था पुढे करील’ असे आराखड्यात लिहिलेले काम सहसा होत नाही. पदपथाला प्रादेशिक निधी मिळणे हा कुणावर उपकार नाही. ज्या लोहमार्गावर मोठा खर्च केला, त्याचा उपयोग व्हावा म्हणून तो लागतो.

४. रस्ते रुंद केले, पूल बांधले, तरी काही वर्षांत कोंडी परत येते. असे का होते?

मोकळा रस्ता हा प्रवासाची किंमत कमी करतो. ही किंमत पैशात नसून वेळेत असते. ती उतरली की आधी टाळलेले प्रवास सुरू होतात, गर्दीची वेळ चुकवणारे पुन्हा गर्दीच्या वेळी निघतात, बसने जाणारे काहीजण मोटार काढतात, आणि काही वर्षांनी घरे व कार्यालये आणखी दूर बांधली जातात. याला प्रेरित मागणी म्हणतात. ह्यूस्टन येथील केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करून पूर्ण झाला. बाजूचे सेवा रस्ते धरून तो काही ठिकाणी २६ मार्गिकांचा आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळेचा प्रवास पुन्हा लांबू लागला. अमेरिकी महानगरांतील महामार्गांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्युरँटन आणि टर्नर यांच्या अभ्यासात मार्गिका जितक्या प्रमाणात वाढल्या, जवळजवळ तितक्याच प्रमाणात वाहनांचे एकूण किलोमीटरही वाढल्याचे आढळले.

त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र बस-रेल्वेचे समर्थक सांगायचे टाळतात : सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही वाहनांचे किलोमीटर कमी झाल्याचे दिसले नाही, कारण रिकामी झालेली जागा दुसऱ्या मोटारी भरतात. ‘बस आणि पदपथ आणले की कोंडी संपेल’ असे आश्वासन देणेही म्हणून चुकीचे आहे. कोंडीत न अडकता जाण्याचा मार्ग उपलब्ध करणे हे या गुंतवणुकीचे खरे काम. मोटारींची संख्याच कमी करायची असेल तर रस्त्याची जागा कमी करणे किंवा तिच्यासाठी शुल्क घेणे हे उपाय लागतात (प्रश्न १२ आणि १६ पाहावेत). सोलमध्ये चंगेचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडण्यात आला आणि २००५ मध्ये ओढा खुला झाला. परंतु तिथेही २००४ मध्ये शहराच्या बससेवेची संपूर्ण फेररचना आणि रस्त्याच्या मध्यभागी बस मार्गिका हे काम सोबत झाले होते, हे विसरू नये.

५. बस मार्गिका आणि पदपथ यांनी मोटारींची जागा घेतली की रस्त्याची क्षमता घटत नाही का?

वाहने मोजली तर घटते. माणसे मोजली तर वाढते. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे ‘नॅक्टो’ने दिलेले आकडे या चर्चेत नेहमी वापरले जातात : सुमारे ३ मीटर रुंदीच्या जागेतून मिश्र मोटार वाहतुकीत ताशी ६०० ते १,६०० माणसे जाऊ शकतात, वारंवार बस धावणाऱ्या राखीव मार्गिकेतून ४,००० ते ८,०००, दुहेरी सुरक्षित सायकल मार्गावरून सुमारे ७,५०० आणि पदपथावरून सुमारे ९,०००.

हे आकडे वापरताना एक पथ्य पाळावे. ही क्षमता आहे, वापर नव्हे. तासाला चार बस जाणाऱ्या राखीव मार्गिकेतून ८,००० माणसे जात नाहीत आणि शेजारी खोळंबलेल्या चालकाला ती रिकामीच दिसते. आधी फेऱ्या वाढवण्याची तरतूद आणि मग मार्गिका, किंवा निदान दोन्ही एकाच आर्थिक वर्षात, हा क्रम पाळला नाही तर चांगली योजना बदनाम होते.

६. ताशी ३० किलोमीटरचा आग्रह कशासाठी? ५० मध्ये असा काय फरक पडतो?

चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असे धरू, आणि रस्ता कोरडा आहे असे समजू. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १३ मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५० ची मोटार त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली मोटार जिथे थांबली, तिथे दुसरीने अजून ब्रेकही लावलेला नसतो. तिला थांबायला एकूण २८ मीटरांच्या आसपास लागतात. मूल १५ मीटरांवर रस्त्यात आले, तर एका बाबतीत दचकणे होते आणि दुसऱ्या बाबतीत जवळजवळ पूर्ण वेगाची धडक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगातील १ टक्का वाढीने प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ हे धोरण स्वीकारले. त्यात माणूस चुकणारच हे गृहीत धरून चुकीची शिक्षा मृत्यू नसावी अशी रचना करण्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांवर टाकली आहे. २०१९ मध्ये ओस्लो शहरात एकही पादचारी किंवा सायकलस्वार अपघातात मरण पावला नाही. २०२१ मध्ये स्पेनने प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा देशभर लागू केली. फलक लावणे हे त्यातले सोपे काम. रुंद आणि सरळ रस्त्यावर फलक काहीही म्हणो, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. मार्गिका ३ मीटरपर्यंत आखडणे, कोपऱ्यांची वळणे घट्ट करणे आणि क्रॉसिंग उंचावणे यांनीच वेग प्रत्यक्ष उतरतो.

७. आमच्या भागात पदपथ आहे, तरी लोक रस्त्यावरूनच चालतात. दोष लोकांचा नाही का?

असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तो पदपथ चाकांच्या खुर्चीत बसून किंवा बाबागाडी ढकलत एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत पार करून पाहावा. बहुधा असे दिसते : सुरुवातीला उतार आहे, परंतु त्याच्या पायथ्याशी दोन बोटांची पायरी राहिली आहे, जिथे पुढची लहान चाके अडतात. पुढे प्रत्येक फाटकापाशी पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. वीजपेटी आणि झाड यांच्यामध्ये हातभर जागा उरते. अंध व्यक्तींसाठी बसवलेल्या उंचवट्याच्या फरशा थेट खांबावर जाऊन आदळतात. या फरशा जपानमध्ये सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे प्रथम बसवल्या गेल्या. त्यांचा सारा उपयोग सलगतेत आहे, कारण पायाला किंवा काठीला त्या जिथे नेतील तिथे माणूस विश्वासाने जातो. शेवटी पदपथ संपतो, तिथे उतारच नसतो, म्हणून आलेली सगळी वाट परत जावी लागते.

अशा पदपथाला सोडून रस्त्यावरून चालणारा माणूस हिशेबी असतो, बेशिस्त नव्हे. पदपथाची नोंद ‘इतके किलोमीटर बांधले’ अशी करण्याऐवजी अडथळ्याशिवाय सलग किती अंतर चालता येते अशी करावी. मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असली तर दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. फाटकांपाशी आणि लहान गल्ल्यांच्या तोंडाशी पदपथ त्याच पातळीत सलग न्यावा. चढायचे-उतरायचे ते मोटारीने.

८. ज्येष्ठांना सिग्नलवर रस्ता ओलांडता येत नाही. पादचाऱ्यांची वेळ कशी ठरवतात?

अनेक ठिकाणी चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटर रुंद रस्त्याला या हिशेबाने सुमारे १२ सेकंद पुरतात. काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या व्यक्तीला साडेसतरा सेकंद लागतात. दिवा बदलतो तेव्हा तिच्यापुढे आणखी चारेक मीटर रस्ता असतो. उपाय तीन आहेत : गृहीत वेग कमी करणे, मध्ये सुरक्षित थांबा देऊन ओलांडणे दोन टप्प्यांत करणे, आणि कोपऱ्यावर पदपथ पुढे वाढवून अंतरच घटवणे. तिसरा उपाय आम्हाला सर्वांत पसंत आहे, कारण त्याला सिग्नलची गरज लागत नाही आणि वळणाऱ्या मोटारीचा वेगही उतरतो. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा मोटारींच्या तीन ते सात सेकंद आधी लावणे हा आणखी एक स्वस्त उपाय आहे. त्यामुळे मोटार वळायच्या आत माणूस तिच्या समोर, नजरेच्या टप्प्यात आलेला असतो.

९. सायकल मार्ग बांधले, पण ते रिकामेच दिसतात. मग आणखी कशाला बांधायचे?

तुटक बांधलेला सायकल मार्ग रिकामाच राहतो. दीड किलोमीटरचा सुंदर पट्टा वर्दळीच्या चौकात अचानक संपत असेल, तर त्या चौकाची भीती वाटणारा माणूस त्या पट्ट्यावरही येत नाही. स्पेनमधील सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचे सलग आणि वाहनांपासून वेगळे केलेले जाळे एकदम उभे केले. तोवर सायकलींचा वापर नाममात्र असलेल्या या शहरात तो कैक पटींनी वाढला. तेच काम दरवर्षी चार किलोमीटर, वेगवेगळ्या प्रभागांत वाटून केले असते तर हा परिणाम दिसला नसता. प्रभागनिहाय समान वाटपाचा मोह राजकीयदृष्ट्या समजण्यासारखा आहे, पण जाळ्याच्या कामात तो घातक ठरतो.

दुसरी बाब डोळ्यांची आहे. सायकली अडकून राहत नाहीत, म्हणून त्या दिसत नाहीत. मोटारी अडकतात, म्हणून रस्ता वापरात असल्यासारखा दिसतो. मोजणी नजरेने करू नये.

१०. पार्किंग काढले की दुकानदारांचे नुकसान होते, हे खरे आहे का?

सरसकट खरे नाही. ग्राहक कशाने येतात याविषयी दुकानदारांचा अंदाज आणि ग्राहकांनी स्वतः दिलेले उत्तर यांत बऱ्याच सर्वेक्षणांत मोठी तफावत आढळते. मोटारीने येणाऱ्यांचा वाटा दुकानदार जास्त धरतात. टोरांटोच्या ब्लूर मार्गावर २०१६ मध्ये पार्किंगची काही जागा काढून सायकल मार्ग प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. पाहणीत ग्राहकांच्या भेटी आणि खर्च वाढल्याचे दिसले आणि २०१७ मध्ये तो कायम झाला.

मात्र अवजड माल विकणाऱ्या दुकानांची अडचण खरी असते आणि तिला ‘तुम्हाला कळत नाही’ असे उत्तर देणे अन्यायाचे आहे. माल चढवण्या-उतरवण्यासाठी ठरावीक वेळेच्या राखीव जागा आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी जागा पहिल्या नकाशातच दाखवाव्यात. बांधकामाच्या काळातले नुकसानही खरेच असते. रस्ता एकाच वेळी संपूर्ण न खोदता टप्प्याटप्प्याने खोदणे हाच त्यावर इलाज.

११. रस्ता अरुंद केल्यावर रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी कशी जाणार?

ही हरकत योग्य आहे आणि तिचे उत्तर आराखड्याच्या वेळीच द्यावे लागते. आपत्कालीन वाहन रुंदीमुळे क्वचित अडते. ते बहुतेकदा पुढच्या मोटारींमुळे अडते. राखीव बस मार्गिका आणि पुरेसा रुंद सायकल मार्ग या वाहनांना मोकळी वाट देतात. वस्तीत ठोकलेले कायमचे खांब मात्र अडचणीचे ठरतात, म्हणून तिथे खाली जाणारे किंवा कुलूप काढून दुमडता येणारे खांब वापरावेत. अग्निशमन दलाला नकाशा पाठवून लेखी अभिप्राय मागवण्यापेक्षा त्यांची सर्वांत मोठी गाडी प्रस्तावित वळणावर खडूच्या रेषांमधून फिरवून पाहावी. वाद तिथल्या तिथे मिटतो.

१२. संगणकीय मॉडेल सांगते की रस्ता बदलला तर कोंडी होईल. मॉडेल चुकीचे कसे असेल?

मॉडेल खोटे बोलत नाही. त्याला जे विचारले तेवढेच ते सांगते. १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागो येथे घडलेली चार टप्प्यांची पद्धत प्रदेशाचे विभाग पाडते, विभागांमधले प्रवास मोजते, ते साधनांत वाटते आणि रस्त्यांवर टाकते. पायी होणारा प्रवास बहुतेकदा एकाच विभागाच्या आत सुरू होऊन तिथेच संपतो. त्यामुळे तो मॉडेलच्या हिशेबात शिरतच नाही, आणि जे हिशेबात नाही त्याला निधी मिळत नाही. शिवाय मागणी आधीच ठरलेली आहे असे धरले की रस्ता रुंद केल्याने वाढणाऱ्या मोटारी (प्रश्न ४) आणि अरुंद केल्याने घटणारी वाहतूक दोन्ही दिसत नाहीत.

दुसरा दोष मोजपट्टीचा. रस्त्याला मोटारींच्या खोळंब्यावरून ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देण्याची पद्धत १९६५ पासून रूढ झाली. या श्रेणीत रुंद, पादचारीविहीन रस्ता पहिला येतो आणि गजबजलेली जिवंत पेठ नापास होते. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्याने पर्यावरणीय परीक्षणातून ही मोजपट्टी काढायचे ठरवले. २०२० च्या जुलैपासून तिच्याऐवजी वाहनांचे एकूण अंतर मोजले जाते. परिणामी शहराच्या मध्यभागी बांधलेली वस्ती, जी आधी ‘कोंडी वाढवणारी’ ठरत असे, ती आता कमी प्रवास घडवणारी म्हणून पुढे येते. रस्ता तोच असतो, मापक बदलला की निकाल बदलतो. आराखड्यावर हरकत घ्यायची असेल तर रंगीत नकाशांपेक्षा मोजमापाच्या परिशिष्टावर घ्यावी.

१३. या सगळ्याला पैसा कुठून येतो? आणि देखभाल कोण करतो?

भांडवली निधी वेगवेगळ्या वाटांनी येतो. फ्रान्समध्ये ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या मालकांवर वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर आहे. तो १९७१ मध्ये पॅरिस प्रदेशात आणि १९७३ पासून इतर मोठ्या शहरांत सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो वाहतुकीसाठीच राखीव असतो आणि दरवर्षी येतो. हॅम्बुर्गने १९६५ मध्ये वेगवेगळ्या वाहतूक कंपन्यांचा एकच संघ करून एका तिकिटावर सर्व साधने आणली, तेव्हापासून उत्पन्नाच्या वाटपाचा प्रश्नही प्रादेशिक पातळीवर सोडवता येतो हे दिसले आहे.

देखभाल हा मात्र सर्वत्र दुबळा दुवा आहे. मोठ्या निधीतून पदपथ बांधला जातो, फीत कापली जाते आणि तो स्थानिक संस्थेच्या ताब्यात जातो. तिच्याकडे फरशी बदलायलाही पैसे नसतात. नंतर जलवाहिनीसाठी तो खोदला जातो आणि वरून डांबराचे ठिगळ लावले जाते. निधी मंजूर करतानाच दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि जबाबदार संस्थेचे नाव लिहून घ्यावे, तसेच भूमिगत वाहिन्यांची कामे आधी पूर्ण झाल्याचा दाखला मागावा.

१४. पदपथ आणि रस्ता एकाच पातळीत आणून सर्वांनी मिळून वापरायचा, ही कल्पना चांगली नाही का?

नेदरलँड्समध्ये हान्स मोंडरमन यांनी ही कल्पना लोकप्रिय केली : फलक, सिग्नल आणि कडेचे दगड काढले की लोक एकमेकांकडे पाहून वागतात. वाहने कमी आणि वेग अगदी मंद असेल तिथे ती चालते. परंतु ‘नजरानजर’ हा जिचा पाया आहे, ती व्यवस्था ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बंद दार ठरते. अंध व्यक्तीची काठी आणि तिच्या श्वानाचे प्रशिक्षण कडेच्या उंचीवर अवलंबून असते. याच आक्षेपांमुळे ब्रिटन सरकारने २०१८ मध्ये इंग्लंडमधील स्थानिक संस्थांना कडेचे दगड काढून सपाट केलेल्या अशा नव्या योजना थांबवण्यास सांगितले. सपाट रस्ता करायचाच असेल तर दोन्ही बाजूंना स्पर्शाने ओळखता येईल असा वाहनमुक्त पट्टा ठेवावा. सायकल मार्गाच्या पलीकडे असलेल्या बसथांब्यांनाही हीच काळजी लागू होते.

१५. आमच्या गावातून महामार्ग जातो आणि वस्ती विरळ आहे. हे सगळे आम्हाला कसे लागू होणार?

जसेच्या तसे लागू होत नाही. विरळ वस्तीत दर दहा मिनिटांनी बस परवडत नाही आणि ८०० मीटरांच्या वर्तुळात पुरेशी घरेही नसतात. तिथे तासाला एक, पण ठरल्या मिनिटाला येणारी आणि रेल्वेच्या वेळेशी जुळणारी बस अधिक उपयोगी पडते. थांब्याची त्रिज्या सायकलने वाढते : ३ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे २८ चौरस किलोमीटर व्यापते, म्हणून थांब्यापाशी छपराखालची सुरक्षित सायकल ठेवण्याची जागा तिथे नव्या रस्त्यापेक्षा मोलाची ठरते.

महामार्गाचा प्रश्न अधिकाराचा आहे. रस्ता वरच्या सरकारचा, माणसे गावातली. महामार्गाचा अभियंता त्याच्याकडे दोन शहरांमधला दुवा म्हणून पाहतो, तर शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी तो घरासमोरचा रस्ता असतो. वस्ती सुरू होते तिथे रस्त्याचे रूपच बदलले पाहिजे : प्रवेशद्वारासारखी आखडलेली रचना, मध्ये थांबा, कडेला झाडे. चार मार्गिकांच्या जागी तीन करून मधली वळणाऱ्यांसाठी ठेवणे हा उपाय दिवसाला साधारण २०,००० वाहनांपर्यंतच्या रस्त्यांवर चालतो. अमेरिकी संघीय महामार्ग प्रशासनाच्या मते त्याने अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटतात. बाह्यवळण रस्ता बांधला तरी जुना रस्ता त्याच वेळी आखडला नाही, तर दोन्हीकडे वेगवान वाहतूक राहते.

१६. लोकांचा विरोध असताना असे बदल करावेत का?

विरोधाचे स्वरूप पाहावे. स्टॉकहोममध्ये जानेवारी ते जुलै २००६ या काळात शहरात येणाऱ्या मोटारींवर शुल्क प्रायोगिक तत्त्वावर लावले. प्रयोगापूर्वी जनमत विरोधात होते. शुल्करेषेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, लोकांनी ते अनुभवले, सप्टेंबरमधील सार्वमतात शहराने कौल बाजूने दिला आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये शुल्क कायम झाले. प्रयोग संपून शुल्क थांबले तेव्हा पूर्वीची गर्दी परतू लागली, हाही लोकांच्या मत बदलण्याचा भाग होता. बेल्जियममधील गेंट शहराने २०१७ च्या एप्रिलमध्ये मध्यभागाचे विभाग पाडून एका विभागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाणे बंद केले; ते काम मुख्यतः फलक आणि कुंड्या यांनी झाले.

तात्पुरता प्रयोग खरोखर तात्पुरता असावा लागतो. मुदत, आधीची मोजणी आणि कोणता आकडा आला तर बदल मागे घेणार हे सुरुवातीलाच जाहीर नसेल, तर लोक त्याला मागच्या दाराने केलेले कायमचे काम समजतात, आणि त्यांचे बरोबर असते. दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून मात्र निर्णय घेऊ नये. प्रवासाच्या सवयी बदलायला महिने लागतात आणि पहिल्या आठवड्यातला गोंधळ सर्वत्र होतो.

१७. रस्ते सुधारले की भाडी वाढतात आणि गरिबांनाच जावे लागते. याला उत्तर काय?

पूर्ण उत्तर वाहतूक नियोजनात नाही. चालण्याजोगा परिसर दुर्मीळ असल्यामुळे महाग होतो. तो एकाच मध्यवर्ती पेठेत न करता प्रदेशभर केला तर किमतीवरचा ताण विभागला जातो. परवडणाऱ्या घरांची तरतूद आणि भाडेकरूंचे संरक्षण हे निर्णय मात्र काम सुरू होण्यापूर्वी घ्यावे लागतात. क्रम लावताना आधी अपघात जास्त आणि मोटारी कमी असलेल्या वस्त्या घ्याव्यात. ‘मागणी आली तिथे काम’ या पद्धतीत अर्ज लिहू शकणाऱ्या वस्त्यांनाच पदपथ मिळतात.

१८. सामान्य रहिवाशाने नेमक्या कोणत्या टप्प्यावर बोलावे?

बहुतेक हरकती यंत्र रस्त्यावर उभे राहिल्यावर येतात. तोवर ठेका निघालेला असतो आणि बदल म्हणजे नुकसानभरपाई, त्यामुळे अधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. त्याआधीच्या दोन वेळा उपयोगी आहेत. पहिली, प्रकल्पांना गुण देण्याचे निकष ठरतात तेव्हा : मोटारींचा वाचलेला वेळ किती गुणांचा आणि सुरक्षितता किती गुणांची, हे त्या बैठकीत ठरते आणि तिथे प्रेक्षक जवळजवळ नसतात. दुसरी, कामांच्या तीन-चार वर्षांच्या यादीचा मसुदा जाहीर होतो तेव्हा. त्या वेळी ‘रस्ते सुधारा’ असे निवेदन न देता कामाचा क्रमांक, चौकाचे नाव आणि हवा असलेला बदल लिहावा. जिथे रस्त्यावर नव्याने डांबर टाकायचे आधीच ठरले आहे, अशी ठिकाणे यादीतून शोधून काढावीत; पट्टे तिथे पुन्हा रंगवायचेच असतात, त्यामुळे अरुंद मार्गिका किंवा सायकल मार्ग जवळजवळ वेगळ्या खर्चाशिवाय आखता येतो. त्यासाठी मागणी नकाशा मंजूर होण्याच्या काही महिने आधी पोचावी लागते.